हे कोणाचं व्हय जी?

२०२२ चा गुढीपाडवा. सांज होऊन गेली होती, गुढी उतरवली होती, लाइन नेहमीसारखी गेलेली, आणि मी अंगणात सासूबाईंच्या खाटेजवळ वारा घालत बसले होते. तेवढ्यात आभाळात एक जळती रेघ उमटली. तारा तुटतो तो डोळा लवायच्या आत विझतो. ही रेघ सावकाश चालली होती, वाटेत तिचे तुकडे होत होते आणि एकेक तुकडा आपापला उजेड घेऊन मागून येत होता. सासूबाई म्हणाल्या, "विमान जळून राह्यलं का वं?"

विमान नव्हतं. रात्री फोनवर फोटो यायला लागले. आमच्या नागभीडला लागून असलेल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, मोकळ्या जागेवर धातूचं एक भलंमोठं कडं येऊन पडलं होतं. सुमारे तीन मीटर व्यास, चाळीसेक किलो वजन. सुदैवानं कोणाला खरचटलंही नाही. पुढचे काही दिवस तालुक्यात ठिकठिकाणी गोळे सापडत राहिले. मोहफुलांचा हंगाम होता, माणसं पहाटेच टोपल्या घेऊन रानात जात होती. मी तेव्हा गावची सरपंच होते. दवंडीसारखं सगळ्या ग्रुपवर टाकलं, की असं काही दिसलं तर पोरांना हात लावू देऊ नका, आत इंधन उरलं असेल तर ते विषारी असू शकतं. पुढे इस्रोचे लोक येऊन बघून गेले आणि सामान तपासणीला गेलं.

त्या आठवड्यात शेजारचे काका फोनवरचा फोटो माझ्यासमोर धरून म्हणाले, "हे कोणाचं व्हय जी सरपंचबाई?"

मला उत्तर देता आलं नाही. आधी न्यूझीलंडहून त्याच दिवशी उडालेल्या एका खासगी कंपनीच्या रॉकेटचं नाव घेतलं गेलं. मग जाणकारांनी कक्षांचा हिशेब मांडला आणि हा फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा वरचा टप्पा असावा असं सांगितलं. वर्षभर पृथ्वीभोवती फिरून फिरून तो आमच्या डोक्यावर उतरला होता. म्हणजे दोन दिवसांत आमच्या तालुक्यानं खासगी मालक आणि सरकारी मालक असे दोन्ही संशयित बघितले. काकांचा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे. अवकाश सरकारचं असावं की उद्योगाचं, यावर शहरात पुष्कळ चर्चा होते. पण रॉकेट कोणी बनवावं हा काही त्यातला मोठा प्रश्न नाही असं माझं मत झालं आहे. मोठा प्रश्न काकांचाच आहे.

गावात याच प्रश्नाची एक जुनी व्यवस्था असते. ग्रामपंचायतीचा कोंडवाडा. कोणाची म्हैस कोणाच्या बांधीत शिरली, धान तुडवलं, की ती कोंडवाड्यात जाते, मालक दंड भरून सोडवतो आणि नुकसानीचं बोलणं होतं. त्यामागचा कायदा इंग्रजांनी १८७१ मध्ये केलेला. म्हशीनं नुकसान केलं तर कोणाला धरायचं हे आपल्याकडे दीडशे वर्षांपासून लिहून ठेवलेलं आहे. आकाशातून पडलेल्या कड्यासाठी आमच्या तहसीलमध्ये रकानाच नव्हता. वीज पडून माणूस गेला तर सरकारी मदत ठरलेली आहे. गारपीट, पूर, दुष्काळ सगळे आपत्तीच्या यादीत आहेत. रॉकेट नाही.

अवकाशाचा कायदा नाहीच असं नव्हे. तो आहे, पण देशादेशांतला. १९६७ च्या करारानं ठरवलं, की एखाद्या देशातून खासगी कंपनीनं जरी वर काही पाठवलं तरी जगापुढे जबाबदार तो देशच. परवानगी त्यानं द्यायची आणि लक्षही त्यानंच ठेवायचं. १९७२ च्या दुसऱ्या करारानं आणखी स्पष्ट केलं: जमिनीवर नुकसान झालं तर ज्या देशानं वस्तू सोडली त्यानं भरपाई द्यायची, चूक सिद्ध करत बसायचं नाही. भारत या दोन्ही करारांत आहे. हे नुसतं कागदावरचं नाही. जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी घेऊन फिरणारा उपग्रह कॅनडाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ भागात कोसळला. कॅनडानं किरणोत्सारी तुकडे शोधायचा खर्च मागितला, सुमारे ६० लाख कॅनेडियन डॉलर. १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली.

म्हणजे लाडबोरीत खरंच कोणाचं घर पडलं असतं, तर दिल्लीला बीजिंगकडे भरपाई मागता आली असती. मिळायला किती वर्षं लागली असती ते सोडा, पण दार तरी होतं.

खरी मेख पुढे आहे. १९७२ च्या त्या करारात एक कलम आहे, सातवं. वस्तू सोडणाऱ्या देशाच्या स्वतःच्या नागरिकांना हा करार लागू नाही. तेव्हा तेच कडं चिनी नसून भारतीय असतं, उद्या एखाद्या भारतीय कंपनीच्या रॉकेटचं असलं, तर या कराराचा लाडबोरीला काडीचा उपयोग नाही. तिथे देशाचा आपला कायदा हवा. आणि आपल्याकडे तो नाही. २०१७ मध्ये अवकाश व्यवहारांच्या कायद्याचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी समोर ठेवला होता. तो संसदेत पोहोचून कायदा झाला नाही. चिनी कडं पडलं तर आपण आंतरराष्ट्रीय फिर्यादी, आणि स्वदेशी कडं पडलं तर अर्ज घेऊन तहसीलच्या पायरीवर!

कोणी म्हणेल, कोर्टाचं दार उघडं आहे की. आहे. दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की धोकादायक धंदा करणाऱ्याची जबाबदारी निरपवाद असते, चूक कोणाची हे विचारायचं कारण नाही. तत्त्व भक्कम आहे. पण त्या तत्त्वाच्या आधारानं चार एकरवाल्यानं वकील लावून रॉकेट कंपनीशी भांडायचं? यवतमाळात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. तेव्हा दोष औषधाचा, पंपाचा, दुकानदाराचा की ज्यानं तोंडाला फडकं बांधलं नाही त्याचा, यावर किती दिवस किस पाडला गेला ते विदर्भानं पाहिलं आहे.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल, की बाई खासगी उद्योगाच्या विरोधात आहेत आणि सगळं इस्रोकडेच राहावं म्हणतात. तसं अजिबात नाही.

माझं माहेर राळेगावकडचं, कापसाच्या मुलखातलं. १९७२ पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. कापूस विकायचा तर सरकारलाच, दुसऱ्या कोणाला विकला तर गुन्हा. हेतू चांगलाच होता, व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकरी सुटावा. माझ्या लहानपणीच्या आठवणी म्हणजे संकलन केंद्रावर लागलेल्या बैलबंड्यांची रांग, रांगेतच रात्र काढणारे बाबा, ग्रेडरनं बोंड चिमटीत धरून केलेलं तोंड, आणि महिनोन् महिने न येणारे चुकारे. भाव पलीकडे चांगला असला की रातोरात कापूस आदिलाबादकडे जायचा आणि आमच्याच लोकांना चोर म्हटलं जायचं. पुढे एकाधिकार गेला, व्यापारी आला. आता सीसीआय, म्हणजे केंद्राची कापूस खरेदी करणारी कंपनी, हमीभावानं बाजारात उतरली तर भावाला टेकू मिळतो, नाही उतरली तर व्यापारी म्हणेल तो भाव. सरकार एकटंच असतं तेव्हा काय होतं ते आम्ही भोगलं आहे, आणि सरकार निघून गेल्यावर काय होतं तेही. थोडंफार बरं चालतं ते दुकानं पुष्कळ असतात आणि सरकार त्यातलं एक पक्कं गिऱ्हाईक म्हणून उभं असतं तेव्हा.

अवकाशातही असंच दिसतं. अमेरिकेच्या नासानं डिसेंबर २००८ मध्ये स्पेसएक्सशी १६० कोटी डॉलरचा करार केला, अवकाश स्थानकावर १२ खेपा सामान पोचवायचा. नासानं रॉकेट विकत घेतलं नाही, भाडं ठरवलं. तेव्हा कंपनीच्या खात्यावर यशापेक्षा अपयशं जास्त होती. त्या पक्क्या मागणीवर ती उभी राहिली. आज गंमत अशी, की नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या सरकारी न्यूस्पेस इंडियाचा ४,७०० किलोचा जीसॅट-एन२ हा उपग्रह त्याच कंपनीच्या फाल्कन ९ वर चढून गेला, कारण एवढं वजन त्या कक्षेत नेणारं रॉकेट आपल्याकडे नाही. त्याच्या आधी २०२२-२३ मध्ये आपल्या एलव्हीएम३ रॉकेटनं ब्रिटनच्या वनवेबचे ७२ उपग्रह दोन खेपांत नेले होते. बाजारात असंच असतं, आज आपली बंडी भाड्यानं, उद्या त्याची.

आणि आपला उद्योग काही आकाशातून पडलेला नाही. वालचंदनगर, गोदरेज, एल अँड टी यांनी इस्रोसाठी वर्षानुवर्षं सुटे भाग, इंजिनं, टाक्या घडवल्या. पण ते ठेकेदार होते. नकाशा इस्रोचा, मालकी इस्रोची, अपयशही इस्रोचं. २०२० नंतर बदललं ते हे, की कंपनीला स्वतःचं रॉकेट, स्वतःचा उपग्रह ठेवता येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये हैदराबादच्या स्कायरूटचं विक्रम-एस उडालं, मे २०२४ मध्ये चेन्नईच्या अग्निकुलचं. विदर्भाच्या वाचकांसाठी सांगते, स्कायरूटचं घन इंधनाचं कलाम-५ हे इंजिन डिसेंबर २०२० मध्ये चाचणीसाठी पेटलं ते नागपूरजवळच्या एका स्फोटकांच्या कारखान्याच्या आवारात. आमच्या पोरांना तिथे नोकऱ्या लागाव्यात असं मला मनापासून वाटतं. सरकारनं १,००० कोटींचा भांडवली निधी काढला आहे, काढू दे. पण पाच वर्षं उपग्रहांची इतकी इतकी चित्रं विकत घेऊ, असा एक पक्का सौदा त्याहून जास्त उपयोगी पडेल असं माझं कापूसवालीचं डोकं सांगतं.

तेव्हा खासगी हात आला याचं मला भय नाही. तो हात काय लिहून देऊन आला, ते मी विचारते. इथे आमच्या झाडीपट्टीतली एक गोष्ट सांगावीशी वाटते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत हजारो जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी उतार ओळखून बांधलेले, नंतर मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, मालकीचे झालेले. मालगुजार काही साधू नव्हते, वेठबिगारी त्यांच्याच वाड्यात चालायची. पण गावाचे हक्क कागदावर होते. वाजिब-उल-अर्ज नावाच्या गावदस्तात लिहिलेलं असे, की पाणी कोणत्या बांधीला आधी, गुरं कुठे उतरतील, मासे कोणाचे, पार म्हणजे तलावाचा बांध कोण दुरुस्त करेल. तलाव मालगुजाराचा, पण निस्ताराचा, म्हणजे रोजच्या वापराचा, हक्क गावाचा. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांच्या नावामागे 'माजी' लागलं. आज आम्ही त्यांना मामा तलाव म्हणतो. हक्क बरेचसे राहिले, पण पार बांधणारा हात गेला. गाळ साचला, पाळी फुटल्या, ज्या तलावात उन्हाळ्यात हत्ती बुडावा म्हणत त्यात आता पोरं क्रिकेट खेळतात.

मालक खासगी की सरकारी, याहून त्या दस्तात काय लिहिलं होतं आणि लिहिलेलं करायला कोण उरलं, यानं आमच्या धानाचं भलंबुरं ठरलं. आपण अवकाशाचा तलाव नव्या मालगुजारांना खुला करतो आहोत, आणि वाजिब-उल-अर्ज अजून लिहायला घेतलेला नाही. धोरण आहे. २०२३ चं भारतीय अवकाश धोरण मी वाचलं, बरं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये परकीय गुंतवणुकीचे दरवाजे मोठे केले, उपग्रहांना ७४ टक्के, रॉकेटला ४९ टक्के आपोआप मार्गानं. मे २०२४ मध्ये परवानग्यांची कार्यपद्धतीही आली. पण धोरण म्हणजे सरकारनं स्वतःच्या मनाशी ठरवलेलं. उद्या दुसरं ठरवता येतं. त्याच्या आधारावर काका कोणावर दावा लावू शकत नाहीत.

उद्योगातली माणसं म्हणतात, आताच जबाबदारीचा कायदा आणला तर नवख्या कंपन्या जन्मायच्या आधीच मरतील. मला हे उलटं वाटतं. अमेरिकेत १९८८ पासून व्यवस्था अशी आहे, की कंपनीनं ठरलेल्या रकमेपर्यंत विमा उतरवायचा, त्यावरचा बोजा एका मर्यादेपर्यंत सरकार उचलेल. फ्रान्सनं २००८ च्या कायद्यात तेच वेगळ्या रीतीनं केलं. म्हणजे कायदा कंपनीचा तोटा मोजून बंदिस्त करतो. आज आपल्या कंपनीला माहीतच नाही, की कडं पडलं तर दहा लाख लागतील की दहा कोटी. असा अनिश्चित बोजा डोक्यावर घेऊन कर्ज मागायला कोणती बँक दारात उभं करते ते आम्हा शेतकऱ्यांना विचारा.

बरं, कडं पडायची शक्यता खरंच किती? फार कमी. श्रीहरिकोट्याहून उडालेल्या रॉकेटचे खालचे टप्पे समुद्रात पडतात. २०२३ च्या जुलैमध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर एक मोठी टाकी वाहत आली, ती आपल्या पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याची निघाली. लाडबोरीनं चीनचं घेतलं, ऑस्ट्रेलियानं आपलं घेतलं. आयुष्यात एकदा घडणारी गोष्ट म्हणून मीही सोडून दिली असती. पण 'हे कोणाचं' हा प्रश्न आमच्या वावरात रोज पडतो, आणि तो कड्यामुळे नाही. तो चित्रामुळे पडतो.

केंद्रानं २०२३ पासून पीक विम्यात भात आणि गव्हाच्या उत्पादनाच्या अंदाजाला किमान ३० टक्के भार तंत्रज्ञानाचा द्यायचं ठरवलं. तंत्रज्ञान म्हणजे मुख्यतः उपग्रहाची चित्रं आणि त्यावरची गणितं. यामागचं शास्त्र सुंदर आहे, ते नाकारायचं कारण नाही. आषाढ-श्रावणात साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला आमच्या तालुक्यात ढगांखेरीज काही दिसत नाही. रडारवाल्याला ढग अडवत नाहीत. चिखलणी झालेल्या बांधीत पाणी थोपलेलं असतं. रडारचा झोत त्या शांत पाण्यावर आरशासारखा आपटून पुढे निघून जातो, उपग्रहाकडे परत येत नाही, म्हणून चित्रात बांधी काळी दिसते. पऱ्हे रोवले, फुटवे आले, की झोत बुडख्यांत आणि पानांत अडखळून माघारी येतो आणि काळी बांधी उजळत जाते. किती दिवसांत किती उजळली, यावरून रोवणी कधी झाली, पीक कसं धरलं याचा अंदाज निघतो. ३० जुलै २०२५ ला इस्रो आणि नासानं मिळून सोडलेला निसार हा उपग्रह याच जातीचा, दर बारा दिवसांनी तीच जागा बघणारा. त्याची माहिती सगळ्यांना फुकट आहे.

आता हिशेब करा. १० मीटरच्या चौकोनांचं चित्र घेतलं तर एकरात चाळीस चौकोन बसतात. आमच्याकडची बांधी कधी पाव एकराची. म्हणजे दहा चौकोन, त्यातले धुऱ्यावरचे अर्धे माझे अर्धे शेजाऱ्याचे. एका बांधीसाठी हे चित्र नाही. महसूल मंडळाच्या सरासरीला चालतं, आणि विम्यातही मंडळाचीच सरासरी धरतात. मग चूक कुठे आहे? चूक अशी, की सरकारी पैशानं उडालेल्या उपग्रहाचं फुकट चित्र कोणीतरी कंपनी घेते, आपल्या गणितातून काढून एक आकडा देते, त्या आकड्यावर विम्याचा पैसा ठरतो, आणि तो आकडा ज्याच्या धानाचा आहे त्याला दिसत नाही. गणित कंपनीचं गुपित. पूर्वी पटवारी यायचा. तो उशिरा यायचा, कधी घरी बसून पंचनामा करायचा, सगळं खरं. पण पटवाऱ्याशी भांडता येतं. त्याच्या कागदावर सही करायला नाही म्हणता येतं. उपग्रहाशी कोणत्या भाषेत भांडायचं?

माझी मागणी फार मोठी नाही. सातबारा कोणीही काढून बघू शकतो, तसाच ज्या आकड्यावर पैसे ठरले तो आकडा, कोणत्या तारखेच्या चित्रावरून काढला त्यासह, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. हरकतीला मुदत असावी. कंपनीनं आपलं गणित ठेवावं गुपित, उत्तर गुपित ठेवायचा हक्क तिला नाही.

चित्रं विकून धंदा करावा की फुकट द्यावीत, हा प्रयोगही जगात होऊन गेला आहे. अमेरिकेनं लँडसॅट उपग्रहांची चित्रं १९८५ मध्ये एका खासगी कंपनीच्या हाती दिली. एका चित्राची किंमत चार हजार डॉलरच्या वर गेली, विद्यापीठांनी घ्यायचं सोडलं, धंदाही बसला. १९९२ मध्ये सरकारनं कारभार परत घेतला आणि २००८ पासून सगळी चित्रं फुकट केली. वापर इतका वाढला, की त्या फुकट चित्रांवर शेतीचा सल्ला, विमा, नकाशे विकणाऱ्या कितीतरी खासगी कंपन्या उभ्या राहिल्या. पाणी फुकट सोडलं आणि बांध्या पिकल्या.

आपल्या धोरणातही ५ मीटर आणि त्याहून जाड चित्रं सर्वांना फुकट आहेत. त्याहून बारीक चित्रं सरकारी यंत्रणांना फुकट, बाकीच्यांना किमतीनं. हे कलम मी दोनदा वाचलं. ग्रामपंचायत ही सरकारी यंत्रणा नव्हे काय? घटनेतच बसवली आहे तिला. नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, माती सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे, इस्रोचं प्रादेशिक केंद्र आहे. आमच्या मामा तलावाच्या गाळाचं बारीक चित्र आमच्या ग्रामपंचायतीला मिळावं, एवढं काम या शहरातून निघायला हरकत नसावी. ऑगस्ट २०२५ मध्ये पिक्सेल या कंपनीच्या गटाला १२ उपग्रहांची खासगी मालिका उभारायचं काम मिळालं, १,२०० कोटींहून अधिक गुंतवणुकीचं. चांगलंच आहे. सरकार त्यातलं गिऱ्हाईक असेल तर खरेदीच्या कागदावर एक ओळ वाढवावी, की आम्ही घेतलेलं चित्र आम्ही गावाला दाखवू.

इंटरनेटचं थोडक्यात सांगते. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली आणि वाशिम या विदर्भातल्या दोन जिल्ह्यांची नावं आहेत. भामरागडच्या शाळेत आभाळातून नेट आलं तर मी टाळ्या वाजवीन, कारण जमिनीवरून आलेली फायबरची पेटी आमच्या ग्रामपंचायतीत कपाटावर धूळ खात पडलेली मी रोज पाहत होते. पण बाहेरच्या सोयीवर किती विसंबायचं याचाही अनुभव देशाला आहे. कारगिलच्या वेळी जीपीएसची हवी ती माहिती मिळाली नाही असं सांगतात, आणि त्यातूनच आपली नाविक ही दिशादर्शक मालिका आली. तीही धडपडते आहे, जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला तिचा एनव्हीएस-०२ हा उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. सरकारी आहे म्हणून पक्कं, असंही नाही. म्हणून इरादापत्राचा करार होईल तेव्हा त्यात लिहिलेलं असावं, की पहिलं वर्ष सरलं की बिल कोण भरणार, आणि सेवा बंद पडली तर शाळेनं फोन कोणाला करायचा.

फोन कोणाला करायचा, यातच सगळं अडतं. परवानगी देणारी इन-स्पेस अवकाश विभागाखाली. रॉकेट बनवणारी इस्रो त्याच विभागाखाली. उपग्रह विकणारी न्यूस्पेस इंडियाही तिथेच. पटवारी, सावकार आणि मुन्सफ एकाच वाड्यात राहिले तर कुळानं कोणाचं दार वाजवायचं? दूरसंचारात ट्राय या नियामक संस्थेसाठी १९९७ मध्ये संसदेनं स्वतंत्र कायदा केला. त्यावर टीका करा हवी तेवढी, पण तिची खुर्ची कायद्याची आहे, खात्याच्या मेहरबानीची नाही. इन-स्पेसला तशी खुर्ची मिळायला हवी, आणि तिच्या कायद्यात पहिलं प्रकरण उद्योगाच्या सवलतींचं नसावं, जमिनीवरच्या माणसाच्या हक्काचं असावं. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या बाजारगावजवळ स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट झाला, नऊ कामगार गेले, त्यात बहुतेक बाया. दुःख तेवढंच राहतं, पण नातेवाइकांना निदान कोणत्या गेटसमोर बसायचं ते ठाऊक होतं.

सरपंचपदाची मुदत संपायच्या आधी मी ग्रामसभेत एक ठराव मांडला. आकाशातून पडलेल्या वस्तूमुळे जीवित, घर, गुरं वा पीक यांचं नुकसान झाल्यास भरपाई कोणी आणि किती दिवसांत द्यायची याचा कायदा व्हावा, आणि विम्यासाठी वापरलेले उपग्रहाचे आकडे ग्रामपंचायतीला कळावेत. लोक थोडं हसले, मग हात वर केले. शेजारच्या काकांनी अनुमोदन दिलं. ग्रामसेवकांनी रजिस्टरवर 'प्रति,' लिहिलं आणि पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. कोणाला पाठवायचा, बंगळुरूच्या अवकाश विभागाला, अहमदाबादच्या इन-स्पेसला, की चिनी असलं तर दिल्लीच्या परराष्ट्र खात्याला? मी म्हटलं, तिघांनाही पाठवा. पत्ते कोणाकडेच नव्हते. त्यांनी जरा वेळ विचार केला आणि सवयीनं पुढे लिहिलं, 'मा. तहसीलदार साहेब, नागभीड.'